न वाचता दिलेला होकार

झोपलेल्या मुलीच्या नाकाशी बोट धरून श्वास चालू आहे ना ते बघणारी बाई म्हणून घरात तिची पुरेशी थट्टा झाली होती. नवरा म्हणायचा, "अगं, ठकी श्वास घ्यायला विसरणार नाही. तू तेवढा घेत जा." सासूबाई काही बोलायच्या नाहीत, पण त्यांचं न बोलणं नवऱ्याच्या बोलण्यापेक्षा जास्त ऐकू यायचं. ठकी चौदा महिन्यांची होती, ठणठणीत होती, आणि हल्ली पाळण्याच्या कठड्याला धरून उभी राहून साऱ्या घराला हाका मारत होती. तरी हिचं बोट तिच्या नाकाशी जायचंच.

कोंबड्यांच्या उबवणी केंद्रात ती कॉम्प्युटर ऑपरेटर म्हणून लागली त्याला पाच महिने झाले होते, आणि ही सवय तिच्यामागोमाग तिथंही आली होती. फरक इतकाच, की इथं बोटाऐवजी कान लागलेले असायचे. तिची खोली म्हणजे यंत्राच्या दालनाला चिकटलेला काचेचा डबा. एक टेबल, एक खुर्ची, एक जाडजूड मॉनिटर आणि अक्षरं पुसून गेलेला कीबोर्ड. काचेपलीकडे खोलीएवढं उबवणी यंत्र, त्याला पोलादी दार, दारावर बशीएवढा तापमापक आणि त्यात एक लाल काटा. पंख्यांची घरघर अखंड चालायची. त्या घरघरीवर मिनिटा-दीड मिनिटानं भिंतीवरच्या पेटीतून एक आवाज यायचा. टक्, हीटर लागला. टक्, हीटर बंद झाला. ती जागेवर बसल्या बसल्या तो आवाज मोजायची. मोजतेय हे तिचं तिलाही कळायचं नाही.

हे टक्-टक् करवणारी होती दाई. दाई म्हणजे कुणी बाई नव्हे, एक प्रोग्रॅम. केंद्राच्या जुन्या ऑपरेटरांनी, ज्यांना सगळे आजोबा म्हणत, वीस वर्षांपूर्वी तो स्वतः लिहिला होता आणि नावही स्वतःच ठेवलं होतं. दाई अंड्यांचा दिवस मोजायची, त्या दिवसाला लागेल तेवढी ऊब आणि तेवढाच दमटपणा ठेवायची. पहिले अठरा दिवस तासातासाला सगळे ट्रे एका अंगावरून दुसऱ्या अंगावर कलते करायची. अठराव्या दिवसानंतर कलतं करणं बंद. आत पिल्लू बाहेर यायच्या तयारीला लागलेलं असतं, तेव्हा त्याला हलवायचं नाही.

निवृत्त होताना आजोबांनी तिला आठवडाभर शेजारी बसवून शिकवलं होतं. ते यंत्र जुन्या वळणाचं. खिडक्या नाहीत, चित्रं नाहीत, काळ्या पडद्यावर नुसती हुकमांची ओळ. "पडदा एक, कीबोर्ड एक," आजोबा म्हणाले होते, "आणि काम करणारे अनेक. ज्याला पुढे बोलावशील, कीबोर्ड त्याचा. बाकीचे मागे. मागे राहून ते काम करतात, मध्येच ओरडूनही काही सांगतात, पण तू बोललेलं ऐकायचा हक्क फक्त पुढच्याला."

दाईला मागे कसं पाठवायचं, तेही त्यांनी करून दाखवलं. कंट्रोल आणि झेड एकदम दाबलं की ती जागच्या जागी थबकते. लगेच बीजी लिहून एंटर द्यायचा, की मागे जाऊन पुन्हा कामाला लागते. पुढे हवी असेल तेव्हा एफजी. "थबकवलंस आणि बीजी विसरलीस तर घात," ते म्हणाले होते. "आणि तिला मारून पुन्हा सुरू करू नकोस. मेलेल्या दाईला कितवा दिवस ते आठवत नाही. ती पहिल्यापासून धरते."

तिनं हे सगळं वहीत उतरवलं होतं. बीजीखाली तर दोन रेघा मारल्या होत्या. आजोबा त्यापुढंही काहीतरी सांगत होते, पण नेमका तेव्हा घरून फोन आला होता. ठकीचा पहिला दात दिसला होता. ती वही उघडी टाकून बाहेर गेली. परत आली तोवर आजोबांचा चहा आला होता आणि विषय बदलला होता.

त्या दिवशी अंड्यांना विसावा दिवस होता. नऊ हजार सहाशे अंडी. मुकादमानं सकाळीच दाराच्या भोकातून बॅटरी मारून पाहिलं आणि काचेवर टकटक केली.

"ताई, टोच पडायला लागली!"

"किती?"

"मोजायला आत जाऊ का? शंभरेक दिसतायत. उद्या दुपारपर्यंत नुसती चिवचिव."

मुकादम पन्नाशीचा, रबरी बुटातला माणूस. कॉम्प्युटरला तो 'तुमचा टीव्ही' म्हणायचा आणि दाईवर त्याचा काडीचा विश्वास नव्हता. त्याचा विश्वास दारावरच्या लाल काट्यावर.

टोच, म्हणजे पिल्लानं आतून कवचाला पाडलेलं पहिलं भोक, पडली की पाठवणीची यादी करायला हवी. कुठल्या ट्रॉलीतली पिल्लं कुणाकडे जाणार, ते ओळीनं लिहायचं आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या छापायच्या. तिनं दाईला जरा मागे पाठवून आधी एक चिठ्ठी छापून पाहिली. तारीख कालची होती. यंत्राचं घड्याळ पुरता एक दिवस मागे पडलं होतं. ती असल्या गोष्टी सोडणारी नव्हती. औषधाच्या बाटलीवरची तारीख ती दुकानात दोनदा आणि घरी आल्यावर तिसऱ्यांदा वाचायची. तिनं घड्याळ बरोबर केलं, पुन्हा चिठ्ठी छापली, आजची तारीख आली. मग दाई ठीक आहे ना बघायला ती पुढे घेतली, आणि पुन्हा कंट्रोल झेड, बीजी, एंटर. पडद्यावर 'चालू' असं उमटलेलं डोळ्यांनी पाहिलं, एक टक् ऐकला, दुसरा ऐकला, आणि मगच यादीचा प्रोग्रॅम पुढे घेतला.

अकरा वाजून पाच मिनिटांनी सासूबाईंचा फोन आला. तिनं तो खांदा आणि कान यांच्यात धरला आणि टंकणं चालूच ठेवलं.

"अगं, कामात आहेस का?"

"नाही, बोला ना आई. उठली का?"

"कधीच उठली. ऐक, मला हे विचारायचं होतं, तिचं ते…"

तेवढ्यात यादीच्या मधोमध एक ओळ उगवली. तिसऱ्या ट्रॉलीची नावं लिहिता लिहिता, तिच्या अक्षरांवर चढून, वेड्यावाकड्या जागी. दाई मागून ओरडली होती. ओळीच्या शेवटी प्रश्नचिन्ह होतं, आणि त्यापुढे नेहमीसारखं वाय की एन. असले प्रश्न यंत्रं दिवसातून दहादा विचारतात. ठेवू का, जाऊ का, खरंच का? तिचं बोट मेंदूला न विचारता वायवर गेलं, पाठोपाठ एंटरवर.

"…तर करू का मग? तुझं काय म्हणणं?" फोनमधून आवाज आला.

"हो हो, करा ना."

पलीकडे क्षणभर शांतता. "बरं," सासूबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

यादीत कचरा झाला होता. पडदा पुसून पुन्हा काढायचा हुकूम तिला पाठ होता. तो दिला. दाईची ओळ नाहीशी झाली, स्वच्छ यादी समोर आली, आणि ती चौथ्या ट्रॉलीकडे वळली.

सात ट्रॉल्या झाल्या तेव्हा तिला अस्वस्थ वाटायला लागलं. का ते कळेना. तिनं मोबाइल पाहिला. घरून काही नव्हतं. पाणी प्यायली. आठव्या ट्रॉलीचं पहिलं नाव लिहिलं आणि हात थांबला. रात्री गाढ झोपेतून ती अशीच उठून बसायची. आवाजानं नव्हे, आवाज थांबल्यानं.

टक् येत नव्हता.

तिनं घड्याळाकडे बघत एक मिनिट मोजलं. दोन. तीन. पंखे घरघरत होते, पेटी मुकी होती. ती उठून काचेला नाक लावून उभी राहिली. लाल काटा एरवी सदतीसवर खिळा ठोकल्यासारखा असायचा. आता तो अडतीसच्या अलीकडे, जेमतेम केसभर अलीकडे होता.

"मुकादम!"

तो शेजारच्या मोरीत ट्रे धूत होता. तिचा आवाज ऐकून ओल्या हातांनीच आला, तिच्याकडे पाहिलं आणि तिची नजर जिथं होती तिथं पाहिलं.

"हे कधीपासून?"

"माहीत नाही. दहा-पंधरा मिनिटं."

"हीटर लागून राहिलाय. बंदच होईना का?" त्यानं पेटीला कान लावला. "धोक्याची घंटा का नाही वाजली?"

"घंटा दाईच वाजवते."

"म्हणजे राखणदारच झोपला." त्यानं हात बुटाला पुसले. "मेन स्विच पाडू?"

"पंखे त्याच स्विचवर आहेत ना?"

"आहेत." त्याचा चेहरा पडला. "पंखे गेले तर आत गुदमरतील. मग दार उघडतो. सताड."

"टोच पडलीय ना पण?"

हे त्यानंच तिला पहिल्या महिन्यात शिकवलं होतं. टोच पडलेल्या अंड्याला कोरडी हवा लागली, की आतली पातळ साल वाळून पिल्लाच्या अंगाला चिकटते. पिल्लू जिवंत असतं, पण त्याला वळता येत नाही. अर्धी चोच बाहेर काढून ते तसंच राहतं.

मुकादमानं दाराच्या आडव्या दांड्यावर हात ठेवला. "ताई, सरळ सांगतो. एकोणचाळीस झालं की आतलं सगळं संपलं. पावणेएकोणचाळीसला काटा आला की मी दार उघडणार. निम्मी जातील, निम्मी राहतील. तोवर तुमच्या टीव्हीला काय विचारायचं ते विचारा."

ती पळतच टेबलाशी आली. बसायचंही सुचलं नाही. उभ्यानंच कंट्रोल झेड दाबून यादी थबकवली. पडद्यावर हुकमाची ओळ आली, आणि इतका वेळ यादीआड दडून राहिलेली बातमी तिच्या वर उमटली. कामं दोन. दुसरं, यादी, थबकलेलं. ते तिनंच आत्ता केलं होतं. पण पहिलंही थबकलेलं. पहिलं म्हणजे दाई. आणि दाईपुढं कारण लिहिलेलं, कीबोर्डकडून ऐकायचं आहे.

आजोबांचं ते अर्धं राहिलेलं वाक्य काय होतं, ते आत्ता तिच्या लक्षात आलं. मागचा बोलू शकतो, पण ऐकायला गेला तर यंत्र त्याला तिथल्या तिथं थिजवतं. दाईनं प्रश्न विचारला होता. उत्तर ऐकायला कान पुढे केला, आणि कीबोर्ड आपला नाही म्हणून जागच्या जागी गोठली. हीटर चालू होता, तो चालूच राहिला. मग आपण दिलेला वाय कुणी ऐकला? जो पुढे बसला होता त्यानं. यादीनं.

तिनं एफजी लिहून एंटर मारला. पडद्यावर यादी आली.

"अरे देवा, तू नको!" ती पडद्यावर ओरडली. नुसतं एफजी म्हटलं की शेवटी थबकवलेला पुढे येतो. पुन्हा कंट्रोल झेड. पुन्हा एफजी, या वेळी पुढे टक्क्याची खूण आणि दाईचा एक हा आकडा. बोटं ओली होती, पहिल्या खेपेला खूणच चुकली. दुसऱ्यांदा बरोबर.

दाई पुढे आली. म्हणजे पडदा कोरा झाला, आणि डाव्या कोपऱ्यात एक पांढरी चौकट उघडझाप करायला लागली. बस्स. प्रश्न नाही, ओळ नाही, काही नाही. दाईनं तिचा प्रश्न एकदा विचारला होता. तो पुन्हा कशाला विचारेल? ती आता फक्त उत्तराची वाट बघत होती. आणि प्रश्न हिनं स्वतःच्या हातानं पुसला होता.

"सव्वाअडतीस," मुकादम दाराशी उभ्या उभ्या म्हणाला.

तिनं डोळे मिटून ती ओळ आठवून पाहिली. लांबलचक होती. प्रश्नचिन्ह होतं. त्यापलीकडे ओ की ठो आठवेना. वाचलंच नव्हतं, तर आठवणार काय?

तिनं आजोबांना फोन लावला. पाचव्या घंटेला उचलला.

"बोल गं. दाताच्या डॉक्टरकडे बसलोय, माझा नंबर येतोय."

"आजोबा, दाई मागे होती, तिनं काहीतरी विचारलं आणि थांबली. आता पुढे घेतलीय, नुसती वाट बघतेय."

"मग उत्तर दे की."

"प्रश्न काय होता ते माहीत नाही. मी पडदा पुसला."

"वाचलास ना पण?"

तिची नजर उघडझाप करणाऱ्या चौकटीवर होती.

"वाचलाच नाहीस?"

"वाचला नाही. आणि वाय दाबला. पण तो यादीत गेला, तिला मिळालाच नाही."

पलीकडे त्यांनी मोठा श्वास घेतलेला ऐकू आला. मागे कुणीतरी कुणाचं तरी नाव पुकारत होतं. "ऐक. दाई दोनच प्रश्न विचारते. आतले चार तापमापक आहेत, त्यातला एखादा वेडंवाकडं सांगायला लागला, की विचारते, याला सोडून देऊ का? तिथं हो म्हणायचं. नाही म्हणालीस तर ती त्या खोट्या तापमापकावरच विसंबणार आणि पुढचा तासभर तुला विचारणार नाही."

"मुकादम!" तिनं काचेतून ओरडून विचारलं. "आतला कुठला तापमापक बिघडलाय का? दाई त्याला सोडून देऊ का विचारत असेल तर हो म्हणायचंय."

"तीन नंबर! आठवडाभर नखरे करतोय. मी लिहून दिलं होतं तुमच्याकडे."

"मग तोच प्रश्न," मुकादम पुढं तिच्या खोलीत डोकावून म्हणाला. "हो दाबा आणि सुटा, ताई. साडेअडतीसला आलाय."

"आणि दुसरा प्रश्न?" तिनं फोनमध्ये विचारलं.

"दुसरा क्वचित. तारखा जुळल्या नाहीत तर. दर पाव तासानं ती यंत्राची तारीख बघते. अचानक दिवस उडालेला दिसला तर विचारते, मोजणी पहिल्या दिवसापासून धरू का? तिथं चुकूनही हो म्हणायचं नाही. लगेच पहिला दिवस धरेल आणि ट्रे कलते करायला लागेल." ते थांबले. "पण ते तारीख बदलली तरच. कुणी हात लावल्याशिवाय तारीख कशाला बदलेल?"

तिनं छापलेल्या चिठ्ठीवरची आजची तारीख पाहिली. "मी सकाळी घड्याळ एक दिवस पुढे केलं."

पंखे तेवढे घरघरत होते.

टोच पडलेली अंडी, कलते होणारे ट्रे. कवच फोडून अर्धी बाहेर आलेली पिल्लं एकमेकांवर घरंगळताना तिला दिसली. आणि दुसरीकडे तीन नंबरचा तापमापक, थंड आहे थंड आहे असं खोटं सांगणारा, आणि त्याचं ऐकून तासभर हीटर पेटता ठेवणारी दाई. एका प्रश्नाला हो म्हणजे मरण, दुसऱ्याला नाही म्हणजे मरण.

"पावणेएकोणचाळीसला थोडंच राहिलंय!" मुकादमाचा आवाज आता चढला होता. "अहो, एक कायतरी दाबा ना!"

"आजोबा," ती म्हणाली, आणि स्वतःचाच आवाज तिला परका वाटला. "वाय नाही, एन नाही, तिसरंच काही दाबलं तर? ती पुन्हा विचारते का?"

"तिसरं?"

"काहीही. न कळण्यासारखं."

"थांब हं… वाय नसेल तर एन समज, असं लिहिलं होतं का मी? का वाय आणि एन दोन्ही नसेल तर पुन्हा विचार, असं? वीस वर्षं झाली गं. तेव्हा माझे दातसुद्धा सगळे होते."

"आजोबा!"

"बहुतेक पुन्हा विचारते."

"बहुतेक?"

"मला घाईत माणूस कसा वागतो ते माहीत होतं," ते सावकाश म्हणाले. "इथं रोज बघत होतो. त्यामुळे बहुतेक… हो, आलो, आलो! माझा नंबर पुकारला. बाई, तू तुझं…" आणि फोन तुटला.

मुकादमानं दांडा अर्धा फिरवला होता. दारातून एक बारीक करकर आली. "बास. उघडतोय मी."

"एक मिनिट."

"मिनिट नाहीये, ताई."

"मग अर्धं. हात जोडते."

ठकी पहिल्यांदा बोटानं काहीतरी दाखवून 'अँ? अँ?' करायला लागली, तेव्हाचं तिला आठवलं. काय हवंय ते कळायचं नाही. पाणी दिलं तर भांडं भिरकावायची, बाहुली दिली तर बाहुली. हिच्या जिवाची नुसती तगमग. शेवटी एकदा काहीच न देता ही फक्त तिच्यासारखंच 'अँ?' म्हणाली. पोरगी थांबली, हिच्या तोंडाकडे पाहिलं, आणि पुन्हा नीट, आणखी पुढे वाकून, बोट दाखवलं. तिला खिडकी हवी होती.

पुसट झालेल्या कीबोर्डवर प्रश्नचिन्हाची कळ कुठली, ते बोटांना ठाऊक होतं. तिनं प्रश्नचिन्ह दाबलं. पांढरी चौकट एक घर पुढे सरकली. मग तिनं एंटरवर बोट ठेवलं, आणि ते दाबायला जितका वेळ लागला तितका वेळ तिचा श्वास चालू होता की नव्हता, हे बघायला कुणाचं बोट तिथं नव्हतं.

एंटर.

पडद्यावर एक ओळ उमटली. लांबलचक. तिनं ती मोठ्यानं वाचली, एकेक शब्द, पहिलीतल्या मुलीसारखी.

"तारीख जुळत नाही. दिवसांची मोजणी पहिल्यापासून सुरू करू का?"

पुढे प्रश्नचिन्ह. वाय की एन.

"काय म्हणतेय?" मुकादम ओरडला.

तिनं एन दाबला. दाबण्याआधी ओळ पुन्हा एकदा वाचली, मग एंटर दिला. पडद्यावर उमटलं, विसावा दिवस.

टक्.

तो आवाज दोघांनीही ऐकला. मुकादमाचा हात दांड्यावर तसाच होता. काटा आणखी थोडा वर गेला, उरलेल्या उबेच्या जोरावर. पावणेएकोणचाळीसला टेकला, तिथं थरथरला. ते दोघं काचेच्या दोन बाजूंनी त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग तो खाली उतरायला लागला. इतका हळू, की उतरतोय हे मान्य करायलाच मिनिटभर गेलं. मुकादमानं दांडा पुन्हा घट्ट फिरवला.

"मी हो दाबा म्हणत होतो ना?" तो म्हणाला.

"हो."

"आणि दाबला असतात तर?"

"तर आत्ता ट्रे कलते व्हायला लागले असते."

त्यानं डोक्यावरची टोपी काढली, आत पाहिलं जणू तिथं काही उत्तर असेल, आणि पुन्हा घातली. "चांगलं झालं, माझं कुणी ऐकत नाही ते," तो म्हणाला आणि बॅटरी घेऊन भोकाशी गेला. बराच वेळ वाकून बघत राहिला. "हलतायत," शेवटी म्हणाला. "एकानं तर अख्खी टोपी उडवलीय कवचाची. ताई, या, बघा तरी."

ती गेली नाही. ती खुर्चीत बसली आणि पुढचा तासभर दाईला पुढेच ठेवून, हात मांडीवर घेऊन, टक् मोजत राहिली. तीन नंबरचा तापमापक दुपारी मुकादमाबरोबर बसून वगळला. तेव्हा दाईनं तो तापमापकाचा प्रश्नही विचारला, आणि तिनं तो दोनदा वाचून हो म्हटलं. आजोबांचा फोन आला. अर्धा जबडा बधिर, तरी पहिला प्रश्न तोच, "कोणता निघाला?" तिनं सांगितलं. ते मग म्हणाले, "म्हणजे तुझा तो वाय तिच्या कानावर पडला असता तर…"

"हो ना."

"दाई थिजली म्हणून पिल्लं वाचली म्हणायची."

यादी पुरी करायला तिनं एका वेळी पाच-पाच मिनिटंच दाईला मागे पाठवलं. तिसऱ्या ट्रॉलीच्या दुसऱ्या नावाच्या मध्ये, नावाचे दोन तुकडे करून, तो वाय बसलेला होता. एकटा, लहान, कुणाच्याही कामाचा नाही. तसाच छापला गेला असता. तिनं बाण फिरवत त्याच्यापर्यंत जाऊन थोडा वेळ त्याच्याकडे पाहिलं, मग पुसला. नाव जोडलं गेलं.

चारच्या सुमाराला यंत्राच्या दारातून पहिली चिवचिव आली. एकाच पिल्लाची, पण पंख्यांवरून ऐकू येण्याइतकी जोरदार. मुकादम मोरीतून ओरडला, "दिवस भरायच्या आधीच आला बघा एक आगाऊ!" ती हसली. आणि हसता हसता तिला सकाळचा तो फोन आठवला.

फोनमध्ये क्षणभर शांतता झाली होती, आणि मग नुसतं 'बरं'.

तिनं घरी फोन लावला.

"आई, ठकी कुठाय?"

"झोपलीय. का गं?"

"पाळण्यात?"

"मग कुठं, गच्चीवर?"

"आई, सकाळी तुम्ही मला काहीतरी विचारलं होतं. करू का म्हणून. मी हो म्हणाले."

"म्हणालीस."

"काय विचारलं होतं? परत विचारा ना."

सासूबाई हसल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजात ते होतं. "पाळण्याचा तो पुढचा कठडा काढू का, असं विचारलं होतं. त्यावर लोंबकळते, एखाद दिवशी पाळण्यासकट खाली येईल."

तिनं डोळे मिटले. "आणि काढलात?"

"काढतेय कशाला? तू आणि कठडा काढायला एका दमात हो म्हणणार? मला तेव्हाच कळलं, हिच्या कानात माझं काही गेलेलं नाही. म्हटलं राहू दे, संध्याकाळी आली की पुन्हा विचारू."

काचेपलीकडे टक् झाला. तिनं मान वळवून काटा पाहिला. सदतीस.

"विचारा, आई," ती म्हणाली. "आता ऐकतेय."